जुन्या मशीनचा फ्लॅग

पापा एक्वारू निवृत्त होऊन आपल्या गावी, अपेदुरूला गेले आणि महिन्याभरातच त्यांच्या जागी आलेल्या असेकेन्येनं त्यांच्या बिल्ड स्क्रिप्टला, म्हणजे प्रोग्रॅम तयार करणाऱ्या सूचनांच्या फाइलीला, हात घातला. सोरोटी शहरातल्या त्यांच्या ऑफिसातून चाळीस आरोग्यकेंद्रांना लसीकरणाचा प्रोग्रॅम जायचा, आणि तो इतका रेंगाळायचा की नर्सबायांनी फोन करकरून तिला भंडावून सोडलं होतं. कारण अर्ध्या तासात सापडलं. कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरला द्यायच्या सूचनांत एक फ्लॅग, म्हणजे छोटासा आदेश, होता: जुन्यात जुन्या प्रोसेसरवर चालेल असंच बनव. वर पापांचा शेरा, 'हात लावू नये.' का, ते नाही. म्हातारा हट्टी, दुसरं काय! तिनं तो काढून 'याच मशीनला साजेसं बनव' असा फ्लॅग टाकला. प्रोग्रॅम तिप्पट वेगानं पळू लागला.

सोमवारी तो सगळीकडे गेला. एकोणचाळीस केंद्रं खूश. अपेदुरूच्या केंद्रात मात्र तो उघडताक्षणी मान टाकायचा, कारण तिथला कॉम्प्युटर बाकीच्यांपेक्षा दहा वर्षांनी जुना. बुधवारी तिथं साठ बाळं यायची होती, आणि कुणाची कुठली लस राहिलीय ती यादी आत अडकलेली. नर्स कोण, तर पापांचीच बायको, तोतो अमुगे.

जुना फ्लॅग परत टाकला तर सगळेच पुन्हा रखडणार. दोन वेगळे प्रोग्रॅम बनवायचे तर स्क्रिप्टचा गुंता सोडवायला हवा, आणि तो फक्त पापांना ठाऊक. मंगळवारी दुपारी तिनं मान खाली घालून फोन लावला आणि आपली चूक सांगून टाकली. ते रागावले नाहीत. काठी टेकत केंद्रात गेले, फोन स्पीकरवर ठेवला आणि एकेक ओळ सांगत राहिले. चार वाजेपर्यंत दोन्ही प्रोग्रॅम तयार झाले आणि जुन्या मशीनवर यादी उघडली. असेकेन्येला रडूच आलं.

"दोन प्रोग्रॅम मलाही करता आले असते गं," पापा हळूच म्हणाले. "पण एकट्या अपेदुरूसाठी वेगळा का, असं कुणी विचारलं असतं. बायकोसाठी, असं सांगायची लाज वाटली. नवा कॉम्प्युटर मागून पाहिला, मिळाला नाही. हिची बोटं संधिवातानं वाकलीत, हातानं साठ नावं लिहवत नाहीत."

"सहा वर्षं चाळीस गावांना रखडवलं माझ्यापायी," तोतो अमुगेचा आवाज आला, भरून आलेला. "आणि घरी रोज मला ऐकवतो हा माणूस, की तूच फार हळू टाइप करतेस."