कालीबाईची दोनशे चौदा पानं

मी बाइंडिंगचं मशीन बोलतोय. मुक्काम धडगाव, एक सरकारी कचेरी, कपाटाशेजारचं टेबल. अंगावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे, म्हणून आवाज दबका वाटेल. पण सांगणार ते खरं.

मी अजून सुरतेच्या गोदामात होतो, तेव्हाच इथं माझ्यासाठी समिती बसली होती. कारण कालीबाई. डोंगरातल्या पाड्यावरची ही बाई. नवरा चैत्या तीस वर्षं ज्या वनजमिनीवर मका पेरत आला, तिचा हक्क मागत होती. चैत्या वारला, दावा उरला. फाईल दोनदा जिल्ह्याला गेली, दोन्ही वेळा सुटी पानं वाटेत गळाली आणि ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली. मोठ्या साहेबांनी ठरवलं, यावर उपाय एकच. मशीन!

समितीत तिघं. साहेब, हेडक्लार्क रूपचंद आप्पा आणि टिपणं काढायला नवी कारकून निशा. सल्ल्याला बोलावले बसस्टँडजवळचे बशीरचाचा. त्यांचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला. चाचांनी एकच विचारलं, “साहेब, पहिले ये बताओ, तुमची फाईल जाड किती असते?”

फाईल कुणी मोजलीच नव्हती. “चाचा, ते तांत्रिक झालं,” म्हणत साहेबांनी कॅटलॉग उघडला.

मी रंगीत पानावर होतो. विजेवर चालणारा, हिरवा दिवा, आकडे दाखवणारा पडदा. शेजारी हाताच्या दांड्याचं साधं मशीन छापलं होतं. “हाई आपला कचेरीले शोभाव नई,” आप्पा म्हणाले. फोटो पाहून लग्न ठरावं, तसा मी ठरलो.

मग चार महिने नुसती पत्रं. कालीबाई दर बाजाराच्या दिवशी कचेरीत डोकावायची.

“बाई, मशीन ई ऱ्हायनं,” आप्पा सांगायचे.

“कुठवर आलं?” ती विचारायची, जणू घाटात जीप अडकली आहे.

शेवटी मी खरोखरच जीपच्या टपावर बसून आलो. नारळ फुटला, पेढे वाटले. सोबत तारेच्या कड्यांच्या दहा पट्ट्या आल्या होत्या. चार लागल्या ‘यंत्र निवड समितीच्या अहवाला’ला. तीन साहेबांच्या सत्काराच्या फोटोंना. दोन आप्पांच्या नातीच्या शाळेच्या प्रकल्पाला. उरली एक.

दाव्याची मुदत मंगळवारी संपत होती. सोमवारी कालीबाई आली. निशानं पानं मोजली, दोनशे चौदा. माझ्या पोटावर ठळक छापलंय, जास्तीत जास्त एकशेवीस.

“साहेब, बसणार नाही,” निशा म्हणाली.

“नवं मशीन आहे. बसेल.”

मी एका वेळी पंधरा पानांना भोकं पाडतो. आप्पांनी चाळीस कोंबली. माझे दात अडकले, दिवा लाल झाला, आप्पांनी हिसका दिला आणि वरचं पान टरकन फाटलं. ते चैत्याच्या जबाबाचं पान होतं. खाली त्याचा अंगठा. फाट अंगठ्याच्या कडेपर्यंत गेली.

पान दोन्ही हातांत धरून कालीबाईनं विचारलं, “साहेब, आता हा अंगठा मी कुठून आणू?”

साहेबांनी माझं वॉरंटी कार्ड मागवलं.

निशानं मात्र कुणालाच काही विचारलं नाही. सगळी पानं ओढणीत बांधली आणि कालीबाईला घेऊन ती बशीरचाचांच्या दुकानी गेली. चाचांनी फाटलेल्या पानाला मागून पातळ कागद चिकटवला. अंगठ्यावर खळीचा थेंब उडू दिला नाही. मग आरीनं पाच भोकं, मेण लावलेला दोरा, पाठीला लाल कापड. “अब इसे घाटातून लोटून द्या, पान सुटणार नाही,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निशा रजा टाकून कालीबाईबरोबर नंदुरबारला गेली. संध्याकाळी दोघी शिक्क्याची पोच घेऊन परतल्या.

गेल्या महिन्यात दावा मंजूर झाला. कालीबाई तो कागद घेऊन कचेरीत आली आणि निशासमोर जमिनीवर बसली. “वाच. हळू वाच,” म्हणाली. वाचता वाचता चैत्याचं नाव आलं, तेव्हा तिनं तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

आणि साहेबांनी वार्षिक अहवालात काय लिहिलं? ‘अत्याधुनिक बाइंडिंग यंत्रामुळे प्रलंबित दावा निकाली.’ अहवालाला टाचण्या मारल्या आहेत, कारण उरलेली एक पट्टी त्याला पुरत नाही आणि माझ्या मापाच्या आणखी पट्ट्या धडगावात मिळत नाहीत. त्या मागवाव्यात की नाही, यावर विचार सुरू आहे.

यंत्राला लाज नसते असं तुम्ही समजता. मला ती वाटते. म्हणून एवढी विनंती करतो. तो अहवाल कधी तुमच्या हाती आला, तर माझं नाव खोडा आणि तिथं निशा आणि बशीरचाचा अशी दोन नावं लिहा. त्या फाईलसाठी मी केलं ते इतकंच, की तिचं एक पान फाडलं.