दोरीवरची चादर

फोटोत बायको पुन्हा पिवळी आली, तेव्हा निवृत्त मुद्रितशोधकाने सवयीप्रमाणे दोष स्वतःकडे घेतला. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. पण घरात काही बिघडलं की त्याची पहिली शंका स्वतःवरच.

रंगीत फिल्म घरीच धुवायचं खूळ त्याला उतारवयात लागलं. सुरुवातीला एकदा डेव्हलपरचं रसायन थंड पडलं आणि बायको हिरवी निघाली. "अहो, निदान माणसांत तरी ठेवा मला," ती म्हणाली होती. गेल्या रोलमध्ये ती पिवळी आली. रसायन शिळं झालं असेल म्हणून त्याने नवं कालवलं, थर्मामीटरही नवा आणला. नव्या रोलवर बायकोला आणि मेहुणीला भर उजेडात गॅलरीत उभं केलं. मागे दोरीवर पांढरी चादर वाळत होती.

तरी बायको पिवळीच.

निगेटिव्ह स्कॅन करून तो संगणकासमोर बसला. पिवळा रंग थोडा थोडा कमी केला. बायको ताळ्यावर आली, पण चादर निळी पडली आणि मेहुणी पाण्यातून काढल्यासारखी दिसू लागली. सगळं होतं तसं केलं. चादर पांढरी, मेहुणी धडधाकट, बायको पिवळी.

फिल्मच्या एका बाजूला रसायन नीट पोचलं नसेल. असंच असणार. त्याला जरा हायसं वाटलं.

पण पुढच्या फोटोत दोघींनी जागा बदलल्या होत्या. "माझी उजवी बाजू बरी दिसते," म्हणत मेहुणीने बहिणीला पलीकडे ढकललं होतं. पिवळा रंग बायकोबरोबर पलीकडे गेला होता.

त्याने तिचे डोळे मोठे करून पाहिले. बुबुळांभोवतीचं पांढरं, पांढरं नव्हतं.

कावीळ. सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं. आधी भूक मेली, मग डोळे. पित्त आहे, पित्त आहे म्हणता म्हणता त्या गेल्या. बायकोही हल्ली अर्धी पोळी ताटात ठेवून उठायची. "पित्त झालंय," म्हणायची. स्वयंपाकघरातल्या पिवळट दिव्याखाली तो रोज तिच्यासमोर बसून जेवत होता.

"जमलं का हो?" आतून तिचा आवाज आला. "की पुन्हा माझा भोपळा केलात?"

"जरा गॅलरीत ये."

"आता कशाला?"

"डोळे बघू दे तुझे."

"या वयात?" ती हसत, पदराला हात पुसत आली. त्याने हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. चादर अजून दोरीवरच होती. त्याने एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

तिचं हसू मावळलं. "काय चुकलं?"

"माझंच," तो म्हणाला आणि खाली वाकून तिच्या चपला शोधू लागला.