शेवटच्या ओळीखालची जागा

मी एक जुनी स्टीलची पट्टी आहे, मित्रांनो. बारा इंच लांब. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. माझ्या सुरुवातीच्या खुणा घासून पुसट झाल्या आहेत, पण माप अजून चुकत नाही. हे मी थोड्या तोऱ्यातच सांगते.

भांडुपच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी मुलुंडला शरच्चंद्रकाकांच्या छापखान्यात आले. काका तेव्हा तरुण होते आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक करून जुळवत. अक्षरं म्हणजेच पान, बाकी पांढरं ते उरलंसुरलं, असा माझा समज होता. एके दिवशी मी पाहिलं, की काका पांढरी जागासुद्धा बांधतात. ओळीच्या खाली, समासात, पानाच्या चारी बाजूंना ते लाकडाचे आणि शिशाचे कोरे तुकडे बसवत आणि मला लावून पुन्हा पुन्हा मोजत. जे दिसणारच नाही, त्यासाठी एवढी मेहनत! मी थक्क झाले, ती आजतागायत थक्कच आहे.

मग छापखाना गेला आणि त्याच जागेत संगणकावर पानं मांडून देणारं दुकान आलं. समास आता बटणावर सरकू लागले. माझ्याकडे डिंक खरवडण्याचं काम आलं, डबे उघडण्याचं आलं. एकदा तर मला पाठ खाजवायला वापरलं. रागाने लाल होता येत असतं, तर मी झाले असते.

गेल्या वर्षी दुकानात काशीराम नावाचे एक आजोबा आले. एकेकाळचे गिरणी कामगार, मूळचे वेंगुर्ल्याकडचे, आता मानखुर्दला राहणारे. त्यांच्या हातात आपल्या कुळाचा वृत्तांत होता. अकरा वर्षं मानखुर्दपासून बोरिवलीपर्यंत घरोघरी जाऊन त्यांनी माणसं टिपली होती. कुळाच्या जुन्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावं होती. या वेळी मुलीबाळी, सुना, सगळ्या येणार होत्या. त्यांची थोरली बहीण सोनूबाईसुद्धा. तिने लग्न केलं नाही, सत्तावीस वर्षं गिरणीत काम केलं आणि पाच भावांना वाढवलं. तिच्यापुढे वंश नाही म्हणून तिचं नाव आजवर कुठेच लिहिलं गेलं नव्हतं. ती आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. रविवारी कुळाचं संमेलन होतं आणि तिथे पुस्तक तिच्या हातात द्यायचं होतं.

पानं लावण्याचं काम हर्षदकडे होतं. हुशार माणूस, हात विजेचा. पण ऐन वेळी तीस-चाळीस कुटुंबांची माहिती आली आणि पानं तर ठरलेली. हर्षदने प्रत्येक पानाचा खालचा समास आवळून दोन-दोन ओळी जास्त बसवल्या आणि पानाचा आकडा अगदी तळाशी ढकलला. तपासण्याचे कागद त्याने दुकानातल्या नेहमीच्या मोठ्या कागदावर काढले. पुस्तकाचं पान त्याहून पुष्कळ लहान. त्यामुळे चहूकडे पांढरंच पांढरं दिसत होतं. काशीरामआजोबांनी तीनदा नावं तपासली आणि समाधानाने होकार दिला.

शुक्रवारी दुपारी ते कागद शरच्चंद्रकाकांच्या नजरेस पडले. आता ते फक्त वर्तमानपत्र वाचायला दुकानात बसत. त्यांनी एक पान हातात घेतलं, डोळे बारीक केले आणि डिंकाच्या डब्यातून मला उचललं. सदऱ्याने पुसलं. कितीतरी वर्षांनी मी पानावर टेकले. काकांनी पेन्सिलीने पुस्तकाची खरी कड आखली. मग बांधणीनंतर यंत्र जेवढं कापतं, तेवढा पाव इंच आत दुसरी रेघ ओढली. ती रेघ पानाचा आकडा बाहेर टाकून शेवटच्या ओळीच्या मधोमध गेली.

काशीरामआजोबा तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं.

"शेवटाक माझ्या बायचा नाव आसा," ते म्हणाले. "ता जातला काय?"

थोरल्या बहिणीला ते बाय म्हणत. मी त्या ओळीच्या अगदी खाली होते. एका बाईचं अख्खं आयुष्य माझ्या दोन-तीन बारीक खुणांवर उभं होतं. इतकं मोठं काही मी आजवर मोजलं नव्हतं, आणि मला खरोखर भीती वाटली.

हर्षदचा चेहरा उतरला. संध्याकाळी सातला पानं छपाईला जायची होती. समास वाढवला तर ओळी पुढच्या पानांवर सरकणार, आणि मागची नावांची सूची सगळीच चुकणार. बाइंडरला खालून कमी कापायला सांगू या, असं त्याने सुचवलं.

"कापणाऱ्याला नाव दिसत नाही रे," काका म्हणाले. "त्याला फक्त गठ्ठा दिसतो."

हर्षद खुर्ची ओढून संगणकापुढे बसला. त्याने तळाची जागा मोकळी केली, आकडा वर घेतला आणि जागा मिळावी म्हणून फोटो लहान केले. काशीरामआजोबा सूचीतलं एकेक नाव मोठ्याने वाचत, काका पान शोधून आकडा सांगत, हर्षद तो दुरुस्त करी. चहा आला तो तसाच गार झाला. पावणेसातला काकांनी मला शेवटच्या पानावर टेकवलं आणि मान हलवली.

सोमवारी काशीरामआजोबा सोनूबाईंना घेऊन दुकानात आले. लहानशा, वाकलेल्या, पण नजर तीक्ष्ण. त्यांना वाचता येत नव्हतं. काकांनी नव्या पुस्तकातलं त्यांचं पान उघडलं आणि त्यांच्या ओळीखाली मला धरलं; ती अजूनही पानावरची शेवटचीच ओळ होती. सोनूबाईंनी माझ्या कडेवरून बोट सावकाश नेलं. मग खालच्या पांढऱ्या जागेवर थांबल्या.

"हय काय लिवचा रवला?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाय," काका म्हणाले. "ती जागा तुमचीच आहे. पुस्तक धरायला."

सोनूबाईंनी मला हळूच बाजूला सारलं आणि त्या जागेवर आपला अंगठा ठेवला. गिरणीत सत्तावीस वर्षं याच अंगठ्याने त्यांनी सही केली होती. आता त्याला शाई नव्हती, तो कोरडा होता, आणि वर त्यांचं नाव अक्षरांत होतं.

मित्रांनो, मी आता टेबलावरच असते. मला डिंकाच्या डब्यात पुन्हा टाकलं तरी माझी तक्रार नाही. पण कधी एखादं पान तुम्ही मांडलंत, तर शेवटच्या ओळीखाली एका अंगठ्याएवढी जागा राखा. कुणीतरी ते हातात धरणार आहे.