डावीकडचा सुळा

लेकीने मेणाच्या हिरड्यांत बसवलेली बत्तीशी दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेली, उजेडात वळवून वळवून बघितली आणि परत टेबलावर आणून ठेवली.

"हे दात कुणाचे?"

"तुझेच," कारागीर म्हणाला. तो सुरीला लागलेलं मेण पुसत होता. खरं तर ते पुसून केव्हाच झालं होतं.

"बाबा, हे टूथपेस्टच्या खोक्यावरच्या बाईचे आहेत."

कारागीर पुन्हा सुरी पुसू लागला. तीस वर्षं तो कवळ्या करत आला होता. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्या तोंडांत त्याच्या हातचं काम होतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी तासभर गप्पा मारी, त्याला हसवी, हसताना ओठ कुठवर जातो ते बघे, जुना फोटो मागून घेई. मग दात बसवताना एखादा मुद्दाम जरासा तिरका ठेवी. सगळे दात एका रेषेत उभे केले की तोंडात माणूस दिसत नाही, कवायत दिसते, असं त्याचं म्हणणं. आणि पोटच्या पोरीचे दात मात्र त्याने पट्टी लावून उभे केले होते.

"एक्स-रेची फिल्म बघितलीत?"

"नाही," तो म्हणाला. "अंदाजाने केले."

दोघांनाही एकच आजार होता. त्याचं नाव इतकं लांब होतं की दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरबाईंना ते सांगताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. कारागिराच्या आईकडून तो त्याच्याकडे आला, त्याच्याकडून लेकीकडे. त्यात हिरड्या वाढत जातात आणि दात आतल्या आत झाकले जातात. दात असतात सगळे. फक्त दिसत नाहीत. शिवाय केस. इतरांच्या केसांना कुठे थांबायचं ते ठाऊक असतं, या दोघांच्या केसांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. कपाळ, गाल, पाठ, हात, जिथे जागा मिळेल तिथे. कारागीर पहिल्यांदा न्हाव्याकडे गेला तेव्हा न्हाव्याने विचारलं होतं, "सुरुवात कुठून करू?" तो म्हणाला, "कुठूनही करा. दमलात की थांबा." तेव्हापासून दोघांची दोस्ती.

असा विनोद करून वेळ मारून नेणं कारागिराला जमे. लेक मात्र वेळ मारून नेणाऱ्यांतली नव्हती. ती बालवाडीत शिकवत होती. दर वर्षी नवी पोरं यायची, पहिल्या दिवशी डोळे फाडून बघायची. ती बाही वर सारून हात पुढे करायची आणि सांगायची, "बघून घ्या. उद्यापासून अभ्यास." दुसऱ्या दिवशी तिच्या हातावरच्या केसांच्या वेण्या घालायला रांग लागायची. त्या पहिल्या दिवशी ती पहाटेच उठून पलंगाच्या कडेला तासभर नुसती बसून राहते, हे फक्त कारागिराला माहीत होतं. तास संपला की उठायची आणि जायची. कारागिराने स्वतः असली हिंमत कधी केली नव्हती. त्याने भिंतीकडे तोंड करून करता येईल असा धंदा निवडला होता.

आता तिला घास चावता येत नव्हता. सगळं कुस्करून, गिळून. बोलताना अर्धी अक्षरं आतच राहत, आणि गोष्ट सांगताना पोरं "काय? काय?" करत. बाहेरगावचे एक सर्जन वर्षातून एकदा दवाखान्यात येत. ते येत्या गुरुवारी येणार होते. वाढलेली हिरडी एकाच बैठकीत कापून काढणार होते. ती काही वर्षांनी पुन्हा वाढू शकते, असंही त्यांनी कळवलं होतं. दुखणं लेकीला कबूल होतं, पुन्हा वाढणंही कबूल होतं. तिची अट एकच होती.

"आतून काय निघणार ते मला आधी बघायचंय," ती म्हणाली. "चप्पलसुद्धा मी पायात घालून बघते. हे तर तोंड आहे. खरे करा. असतील तसे."

"आणि वाईट असले तर?"

"तर गुरुवारी मी शाळेत जाईन."

हे ती हट्टाने म्हणाली नाही. गुरुवारचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाली. कारागिराला हट्ट परवडला असता.

त्याच दुपारी, म्हणजे शनिवारी, त्याने दवाखान्याच्या फडताळातून वरच ठेवलेलं एक्स-रेचं पाकीट आणलं. पाकिटावरचं नाव त्याने कधीच वाचलं नव्हतं, कुणाचंच. ज्याला तोंड ओळखता येत नाही त्याने नाव वाचावं, असा त्याचा तोरा होता. फिल्म उजेडात धरली की "हे पोस्टमास्तर" किंवा "ही बेकरीवाल्याची सासू" असं तो सांगे, आणि चुकत नसे. आत्ताही त्याने आतली फिल्म काढली, खिडकीत धरली. दात पूर्ण, वर मांसाचा जाड थर. आपल्या घरचंच तोंड. तो कामाला बसला.

सगळा रविवार गेला. वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती त्याने ठेवली. खालचे चार दात बसमधल्या प्रवाशांसारखे एकमेकांच्या खांद्यावर होते, ते तसेच उभे केले. डावीकडचा सुळा ओळ सोडून पुढे आला होता, दारात कोण आलंय ते बघायला आल्यासारखा. त्याला मागे ढकलण्यासाठी कारागिराची सुरी दोनदा पुढे झाली आणि दोनदा मागे आली.

सोमवारी सकाळी लेकीने ती बत्तीशी हातात घेतली. खिडकीपाशी नेली. कारागीर मेण पुसत राहिला.

"हा कोण आगाऊ?" तिने सुळ्यावर बोट ठेवलं.

"आहे तसा केलाय. पुढेमागे तार लावून आत घेता येईल."

"हात लावायचा नाही त्याला," ती म्हणाली आणि हसली.

मग ते दात तिच्याबरोबर शाळेत जाऊ लागले, जेवणाच्या रिकाम्या डब्यातून. बालवाडीने त्यांना रीतसर पसंती दिली. एका चिमुरडीने सुळा बघून विचारलं, "ताई, हा पळून चाललाय का?" ताई म्हणाली, "नाही गं, तो मॉनिटर आहे."

गुरुवारी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी भिंतीवरची प्रकाशपेटी लावली, तिच्यावर फिल्म अडकवली, कारागिराची बत्तीशी शेजारी धरली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. आतल्या खोलीत सर्जन हात धूत होते.

"काका, हा सुळा कुठून आणलात?"

"फिल्ममधून."

"कुठल्या?"

"हिच्या. शनिवारी नेलं ना मी पाकीट."

"हिची फिल्म सर्जननी मागवली होती. आठवडाभर त्यांच्याकडेच होती. ही काय." डॉक्टरांनी प्रकाशपेटीकडे बोट केलं. तिथल्या सुळ्याने ओळ सोडलेली नव्हती. "मागच्या महिन्यात तुमचाही एक्स-रे काढला होता ना आपण? वडील आणि मुलगी शेजारी ठेवून बघायला?"

कारागिराने पिशवीतून पाकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा नाव वाचलं. मग फिल्म काढून तिच्या कोपऱ्यातलंही वाचलं. दोन्हीकडे एकच होतं.

"माझे आहेत," तो म्हणाला.

कारागिराला स्वतःचे दात माहीत नव्हते, त्यामुळे ते ओळखायचा प्रश्नच आला नव्हता. घरचं तोंड म्हणून त्याने ओळखलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

"चूक माझी," तो लेकीला म्हणाला. "तुझे पुन्हा करतो. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस सर्जन थांबणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "मी तोंडी सांगू का? पुढचे दोन जरा तिरके आहेत, आणि उजवीकडे..."

"सांगू नका," लेक म्हणाली.

तिने डॉक्टरांच्या हातून बत्तीशी घेतली. आधी तिच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. त्यांच्या दाढीकडे, दाढीच्या वरही चालू राहिलेल्या दाढीकडे, घट्ट मिटलेल्या ओठांकडे. पुन्हा बत्तीशीकडे. चार दिवस ती हे दात घेऊन आरशासमोर उभी राहिली होती, तशी आता वडिलांसमोर उभी होती.

"बाबा, इतकी वर्षं हे आत होतं?"

"असणारच. बाहेर कुठे जाईल?"

"आणि इतका संसार करून आईलाही माहीत नाही?"

"मलाच कुठे माहीत होतं?"

लेक मोठ्याने हसली. तिच्या सगळ्या हिरड्या दिसल्या; तिने ओठांवर हात नेला नाही. बत्तीशी वडिलांच्या हातात ठेवून ती डॉक्टरांकडे वळली.

"चला."

"नक्की? न बघता?"

"यांच्यात हे निघालं," ती म्हणाली, "म्हणजे माझ्यातही काहीतरी बरंच निघेल." आतल्या खोलीच्या दाराशी ती क्षणभर थांबली. "आणि पुढच्या वर्षी सर्जन आले की यांचं नाव लिहून ठेवा."

"माझं वय झालंय," कारागीर म्हणाला.

"तुमचं झालंय. त्या दातांनी अजून काही बघितलेलं नाही."

दार बंद झालं. कारागीर बाहेरच्या बाकावर येऊन बसला. दोन्ही तळव्यांत बत्तीशी होती, पाखराचं पिल्लू धरावं तशी. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांच्या तोंडातली कवळी कारागिराच्याच हातची होती, आणि तिच्यातला एक दात जरासा तिरका होता. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा नाकावर सारून पुन्हा बघितलं.

"वा! आत्ता बोलतील असं वाटतंय. कुणाचे हो?"

कारागिराने बंद दाराकडे बघितलं.

"ओळखीच्या माणसाचे," तो म्हणाला. मग सुळ्यावरून अंगठा फिरवला. "आजच ओळख झाली."