दोन तारे आणि एक दूधपंप

मी एक आरसा बोलतोय. पण माझ्यात पाहून अजून कुणी भांग पाडलेला नाही. लुईझियानातल्या पाइनच्या रानात, हवा काढून घेतलेल्या नळीत, अवकाशातून येणाऱ्या लाटा टिपण्यासाठी मी काचेच्या बारीक धाग्यांवर लटकतो. मी हललो की नाही, हे माणसं माझ्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखतात.

घडवणाऱ्यांनी मला इतकं घासलं, पुसलं, की मी फारच हळवा झालो. लाकडांचा ट्रक गेला, थरथरलो. मालगाडी गेली, थरथरलो. मला वाटायचं, माझ्यातच काही खोट असेल.

मग रोज दुपारी एक गुणगुण येऊ लागली. यंत्रांचे जुने जाणते टेओ बाबँ माग काढत मागच्या खोलीपाशी पोचले. आत ओडील होती. बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आलेली. बाळ आजीकडे, आणि ही टेबलावर पंप लावून त्याच्यासाठी दूध काढत होती.

"हीच ती हंबरणारी गाय!"

"गाय म्हणा हवं तर, काका, पण आधी दार लावा!"

"उद्यापासून फाटकाजवळच्या खोलीत बस बाई. रुसू नको, घरचं गुंबो कालवण आणीन."

दार लागलं आणि मी पुन्हा थरथरलो.

फार दूर दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत होते. फिरताना अवकाशालाच लाटा उठत. प्रत्येक लाट त्यांची थोडी शक्ती घेऊन जाई. ते आणखी जवळ येत, आणखी वेगानं फिरत. शेवटी ते एकमेकांत मिसळले. तेव्हा उठलेली लाट कोट्यवधी वर्षांनी आज माझ्यातून गेली.

"पंपच," संगणकाच्या पडद्यावर माझी थरथर बघत टेओ बाकीच्यांना म्हणाले. "पुसून टाका."

ओडील बाटली हातात घेऊन धावत आली. "माझ्यामुळे बिघडलं ना? घरीच बसायला हवं होतं मी." मग ती पडद्याजवळ वाकली. "पण काका, माझा पंप एकाच सुरात रडतो. हा सूर चढत गेलाय."

टेओंनी दूर वायव्येच्या वाळवंटातल्या माझ्या भावंडाकडे, म्हणजे तिथल्या अशाच आरशाच्या माणसांना, फोन लावला. तिथेही तोच चढता सूर उमटला होता.

"तिकडे कुणी दूध काढतंय का हो?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. ओडील रडली.

आता पंप फाटकाजवळ असतो, मी इथेच लटकतोय. पण संध्याकाळी ओडीलची गाडी बाळाकडे निघते, तेव्हा गाडीची घरघर मला जाणवते. तीही चढतच जाते.

बाई गं, तारे घाई करतात ते करू देत. तू गाडी सावकाश चालव.