निम्मा डोस

पहिल्यांदा पैसे आले तेव्हा नूरीन नदाफ पलूसच्या एका साडीच्या दुकानात उभी होती. त्या दुकानात मुलींनी बसायचं नाही असा नियम होता, आणि डबा खायचा तो गिऱ्हाईक ओसरल्यावरच. चौदाव्या वर्षापासून इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलीला ते झेपणारं नव्हतं. पण आजाराचं सांगितलं तर काम जाईल म्हणून तिनं मालकाला कधी काही कळू दिलं नव्हतं. फोनवर मेसेज आला तो तिनं ओढणीआड धरून वाचला. मग पुन्हा वाचला.

पैसे पुण्याच्या एका संस्थेचे होते. कमी कमाईच्या घरांतल्या पंचविशीच्या आतल्या मुलामुलींची नावं चिठ्ठ्या टाकून काढली होती आणि त्यांना दोन वर्षं, दर महिन्याला, ठरलेली रक्कम मिळणार होती. त्याचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कसली अट नाही, परतफेड नाही. फक्त क्रांती नावाची संस्थेची एक मुलगी अधूनमधून घरी येऊन विचारपूस करणार होती. झोप लागते का, पोटभर जेवता का, औषध चुकतं का.

"फुकट कोण देतंय गं?" आई मेहरुनबी म्हणाली. "मागनं काय तरी लिहून मागतील बघ."

कुणी काही मागितलं नाही. पुढच्या महिन्यातही पैसे आले, त्याच्या पुढच्याही.

तोवर नूरीनचं औषध म्हणजे सगळी ओढाताण होती. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन असलं तर मिळायचं, नसलं तर हेलपाटा आणि दिवसाची मजुरी बुडायची. साखर मोजायच्या पट्ट्या तर विकतच घ्याव्या लागत. त्यामुळं ती साखर मोजतच नसे. तहान किती लागते, डोकं किती जड होतं, यावरून अंदाज बांधायची. आता ती रोज मोजू लागली, पूर्ण डोस घेऊ लागली. रात्री चारचारदा उठणं थांबलं. गालांवर मांस आलं. हिवाळ्यात तिनं दुकान सोडलं आणि मिरजेला रक्त तपासणीचा कोर्स धरला. सकाळी किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसायची, संध्याकाळी परत. खिडकीपाशी बसून डबा खाताना तिला कित्येकदा वाटायचं, इतकी साधी गोष्ट होती ही.

तिचा मोठा भाऊ फारूक अठ्ठावीस वर्षांचा. संस्थेच्या वयात तो बसत नव्हता. नूरीन आजारी पडली त्या वर्षी तो आयटीआयला होता. तिला दवाखान्यात ठेवलं, बिलं वाढत गेली, तेव्हा तो कुणाला न विचारता शिक्षण सोडून पुण्यात हॉटेलात कामाला गेला. हे त्यानं परत कधीही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर नूरीनला भांडता आलं असतं.

अब्बा चांदसाहेब यांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजून पिंजून त्यांच्या छातीत धूळ बसलेली. आता पुण्याहून परत येऊन फारूकच मशीन चालवायचा. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "नूरी, एक टेम्पो बघितलाय. जुना हाय, पण इंजिन चांगलं हाय. गाद्या लोकांच्या घरापातूर पोचवल्या तर धंदा दुप्पट हुईल. फायनान्सवाला तयार हाय. फक्त हप्त्याचं…"

तो थांबला. मान खाली घालून भाकरी मोडत राहिला.

"माझ्या पैशातनं भरू या की," नूरीन म्हणाली.

"तुला अडचण न्हाई न्हवं?"

"मला काय अडचण? फी सर थोडी थोडी करून घेत्यात."

औषधाचं त्यानं विचारलं नाही. औषध सरकारी दवाखान्यातून येतं, एवढंच त्याला माहीत होतं. आणि तिनं सांगितलं नाही.

टेम्पो आला. अब्बांनी त्याला हार घातला. पहिल्या महिन्यात नूरीननं पट्ट्या बंद केल्या. दुसऱ्या महिन्यात इन्सुलिनची बाटली पुरवून पुरवून वापरायला सुरुवात केली. आधी थोडं कमी, मग निम्मं. पुन्हा तहान लागू लागली, पुन्हा रात्री उठणं आलं. क्रांती आली तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "औषध वेळेवर घेतेस ना?" बाहेर फारूक शीळ घालत टेम्पो धूत होता. नूरीन म्हणाली, "हो, घेते."

मार्चमध्ये फारूकला मोठी ऑर्डर मिळाली. कोयनानगरच्या एका लॉजला वीसेक गाद्या द्यायच्या होत्या. "चल की तू पण," तो म्हणाला. "धरण दावतो तुला. सुट्टीच हाय की."

नूरीनची दाढ दोन दिवस ठणकत होती. अंगात कणकण होती. बाटलीच्या तळाशी जेमतेम उरलेलं औषध तिनं सकाळी सुईत ओढून घेतलं. आपण नाही म्हटलं तर त्याचं तोंड उतरेल, संध्याकाळी तर परत येतोय, असं म्हणून ती टेम्पोत चढली.

कराड ओलांडेपर्यंत तिनं पाण्याची मोठी बाटली संपवली होती. पाटणला दुसरी घेतली. वाटेत दोनदा टेम्पो थांबवायला लावला. फारूक चेष्टा करत होता. "धरणाचं पाणी तरी ठेव गं शिल्लक." ती हसली, पण जीभ टाळूला चिकटत होती.

कोयनानगरला गाद्या उतरवेपर्यंत ती केबिनमध्येच बसून राहिली. पोटात मुरडा येत होता. फारूक घाम पुसत परत आला. "चल, धरण बघू या."

"नको, भाई. घरी जाऊ या."

"आगं, इथवर आलोय आणि…"

तिनं दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला ओकली.

"घाट लागला व्हय?" त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, दुकानातून लिंबू सरबत आणलं. साखर घातलेलं; नको सांगायचं तो गडबडीत विसरला. तिनं ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून बसली. सांगायची वेळ हीच होती. पण फारूक आज इतका खुशीत होता. पाटण तासाभराच्या आत येईल, तिथं मेडिकलमधून गुपचूप इन्सुलिनची बाटली घेता येईल, असा तिनं हिशेब केला. तिनं सरबत ओतून दिलं. "चल," म्हणाली.

निघून थोडंच अंतर झालं आणि गाड्यांची रांग लागली. रस्त्याचं काम चालू होतं. डोंगराची बाजू पोखरलेली, एकच पट्टा उघडा. लाल झेंडा घेतलेला माणूस समोरच्या गाड्या सोडत होता. फारूकनं इंजिन बंद केलं. उन्हानं केबिन तापली.

नूरीनचा श्वास वाढला. खोल, भराभर, धापा टाकल्यासारखा. तिला तो थांबवता येईना. हा श्वास तिनं एकदाच अनुभवला होता, चौदाव्या वर्षी, आणि त्यानंतर तिला तीन दिवसांनी शुद्ध आली होती. कोर्सच्या पुस्तकातही तिनं हे वाचलं होतं. रक्तात आम्ल वाढतं. मग गुंगी येते. मग माणूस बोलत नाही.

"नूरी? आशी काय करतीयास?"

"भाई, घाट लागला न्हाई. माझी साखर वाढलीया. लय वाढलीया."

"सकाळी सुई घेतलीस न्हवं?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"नूरी."

"थोडं घेतलं. उरलंच तेवढं होतं."

"थोडं म्हंजी? आणि बाटली संपली तर सांगायचं न्हाई?"

"रोज निम्मंच घेती."

"कवापासनं?"

तिनं डोळे मिटले. "हप्ता सुरू झाल्यापासनं."

फारूक तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं स्टेअरिंगवर इतक्या जोरात हात आपटला की पुढच्या गाडीतल्या माणसानं मागं वळून पाहिलं.

"मी तुजं औषध मागितलं होतं का गं? औषध मागितलं होतं का मी?" त्याचा आवाज चिरका झाला. "एक शब्द! एक शब्द बोलली असतीस!"

"तू पण बोलला न्हाईस कधी. आयटीआय सोडलंस तवा."

त्यानं फोन काढला. रेंज नव्हती. फोन वर धरला, खिडकीबाहेर धरला. मग दार उघडून तो झेंडेवाल्याकडं पळत सुटला.

"मामा, गाडी सोडा. बहीण हाय आत, शुगर वाढलीया, बोलायची बंद व्हईल."

"समोरनं यष्टी शिरलीया रं," झेंडेवाला धुळा म्हणाला. "आता कशी सोडू? तितं दोन गाड्या मावत न्हाईत."

"ती मागं घ्यायला सांगा!"

"भरलेली यष्टी घाटात मागं कोण घील, गड्या?"

फारूकनं त्याचा हात धरला. "मामा, तुमी येऊन बघा तरी."

धुळा आला. खिडकीतून वाकून त्यानं नूरीनकडं पाहिलं. तिची मान सीटवर कलंडली होती आणि छाती भात्यासारखी चालली होती. श्वासाला कुजत आलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. शिट्टी तोंडात घालून तो अरुंद पट्ट्यावर धावत गेला आणि एसटीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

ड्रायव्हर आधी शिव्या देत उतरला. मग काय झालंय ते कळल्यावर परत चढला. कंडक्टर खाली उतरून मागं उभा राहिला आणि हाताच्या इशाऱ्यानं एसटी इंचाइंचानं मागं सरकू लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. पुढच्या गाड्या खडीवर चढून बाजूला झाल्या. फारूक त्या फटीतून टेम्पो नेत होता आणि सारखा बोलत होता.

"झोपू नगंस. नूरी, बोल माज्यासंगं. मिरजेच्या बाईंचं नाव काय? कोण शिकवतंय तुला?"

"विजयमाला… बाई…"

"काय शिकवलं काल?"

"भाई, पाणी."

"देतो. पाटण आलं बघ. काय शिकवलं?"

उत्तर आलं नाही. तो नाव घेत राहिला, हॉर्न दाबत राहिला. एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्यानं तिची मान सरळ करू बघत होता आणि मग टेम्पो कडेला जायचा. रेंज आली तसा फोन वाजू लागला. अम्मा होती. त्यानं उचलला नाही. काय सांगणार होता?

पाटणच्या सरकारी दवाखान्यात त्यानं तिला उचलून आत नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं वास घेतला, डोळे तपासले, बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आलाच नाही, फक्त इंग्रजीत 'हाय' अशी अक्षरं आली. साखर यंत्राच्या आवाक्यापलीकडं गेली होती.

"टाइप वन आहे?" तिनं विचारलं. "डोस कधीपासून चुकतोय?"

फारूकनं सांगितलं. सगळं सांगितलं, हप्त्यासकट. डॉक्टरीण एकीकडं सलाईन लावत ऐकत होती. तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सलाईन आणि इन्सुलिन सुरू करून तिला रुग्णवाहिकेतून कराडला हलवलं. दोन रात्री ती अतिदक्षता विभागात होती. पहिल्या रात्री डॉक्टर "बघू" एवढंच म्हणायचे. चांदसाहेब बाहेरच्या बाकावर खोकत बसले होते. मेहरुनबी तस्बीहचे मणी ओढत होती आणि फारूककडं बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी नूरीननं डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी विचारलं, "टेम्पो कुठं हाय?"

"जळू दे टेम्पो," मेहरुनबी म्हणाली आणि रडायला लागली.

घरी आल्यावर फारूकनं हप्त्यासाठी घेतलेलं तिचं एटीएम कार्ड तिच्या उशाशी ठेवलं. नूरीन म्हणाली, औषधापुरतं बाजूला काढून उरलेलं हप्त्याला देते. तो नको म्हणाला. त्यानं स्वतः हप्ते भरायचा प्रयत्न केला. दिवसा दुकान आणि पहाटे भाजीची भाडी. पण लग्नसराई संपली, गाद्या खपेनात, हप्ते थकले. पावसाळ्याच्या तोंडावर फायनान्सची माणसं आली. त्यानं न भांडता किल्ली दिली. त्या संध्याकाळी तो बराच वेळ मोकळ्या जागेकडं बघत दारात बसला होता. नूरीननं चहा नेला तर म्हणाला, "तू बोलली असतीस तर मी टेम्पो घेतलाच नसता. एवढं नुकसान तरी झालं नसतं."

तो राग होता आणि तो खराही होता. तिनं ऐकून घेतला. बरेच दिवस ती दोघं मोजकंच बोलत होती.

नूरीननं त्यानंतर डोस चुकवला नाही. कोर्स पुरा केला. मिरजेतल्या एका लॅबनं तिला सहा महिन्यांसाठी ठेवून घेतलं. तिथं तिनं पहिल्याच दिवशी आजार सांगून टाकला. लॅबचालक बाईंनी एक खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "खायची वेळ झाली की सरळ उठायचं. विचारायचं नाही."

फारूक आता कुपवाडच्या एका मालकाची गाडी चालवतो. शुक्रवारी मिरजेकडं फेरी असली की तो लॅबबाहेर थांबतो आणि दोघं मिळून घरी येतात. परवा तसेच येत होते. संस्थेच्या पैशांचा शेवटचा महिना चालू होता. रस्त्यावरची नजर न काढता फारूकनं विचारलं, "पैसं बंद झाल्यावर कसं?"

"लॅबवाल्या बाई कायम करती म्हणाल्यात. पण पत्र हातात न्हाई अजून."

"आणि न्हाई केलं तर?"

नूरीनला भीती वाटत होती, रोजच वाटायची.

"तर तुला सांगीन," ती म्हणाली. "आधी सांगीन."

फारूकनं मान हलवली आणि गाडीचा वेग थोडा वाढवला. अम्मा जेवायची थांबली असणार.