पेशीने गाळलेला मजकूर

मी इंट्रॉन बोलतोय. नाव ऐकलं नसेल, तरी मी तुमच्यातही आहे. सध्या मुक्काम चार महिन्यांच्या एका मुलीत, तिच्या एका जनुकाच्या दोन कामाच्या तुकड्यांमध्ये. पेशी जनुकाची नक्कल काढते, त्यातून मला कापून टाकते, उरलेले तुकडे जोडते आणि त्यावरून प्रथिन बनवते. मला सवय झाली आहे.

आमचं मूळ घराणं जिवाणूंचं, असं म्हणतात. तेव्हा आम्ही स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडायचो. मग एक जिवाणू दुसऱ्या पेशीत कायमचा राहायला आला. त्याच्या सामानातून आमचे पूर्वज आले, जागा मिळेल तिथे घुसले आणि सलग जनुकं दुभंगली. पुढे आम्ही आळशी झालो. कापायचं काम पेशीच्याच कात्रीवर सोडलं. तिला खूण पटावी म्हणून जनुकाच्या लिपीतली कडेची अक्षरं तेवढी जपली. मध्ये वाट्टेल ते बदललं, कोणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मात्र विचारलं. जनुकांच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं होतं. बाबाने ऑफिसातून रिपोर्टचा फोटो आईला पाठवला. त्यात दिसत होतं: माझ्यातलं एक अक्षर बदललेलं, कडेपासून दुसरं. कडेचं अक्षर बिघडलं तर कात्री चुकते, या जनुकाचं प्रथिन बिघडतं आणि स्नायू दुबळे होतात, हे आईने शोधून वाचलं. आठ दिवस ती घड्याळ लावून बघत होती, बाळ मान किती वेळ धरतं.

आज बाबासोबत दवाखान्यात आल्यावर ती खुर्चीत टेकायच्या आधीच फोनवरचा फोटो दाखवत म्हणाली, "दुसरं अक्षर आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी मूळ कागद पुढे केला. "दोनशे चौदावं. फोटोत पहिला दोन तेवढा दिसतोय, पुढच्या आकड्यांवर कोणाचा तरी अंगठा आलाय."

आईने बाबाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "आठ दिवस मी याच्यासाठी रडले?"

"मग मला विचारायचंस तरी," बाबा म्हणाला.

"विचारलं असतं तर खरं झालं असतं."

"इतक्या आतला हा बदल कितीतरी ठणठणीत माणसांत सापडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडा शाबूत आहेत. निवांत राहा."

आईने बाळाला छातीशी धरलं आणि मोठा श्वास सोडला. मलाही हायसं वाटलं. फुकटात राहणाऱ्याला एवढंच हवं असतं, आपल्यापायी घरात कोणी आजारी पडू नये.

आई, आता मला खुशाल विसर. घरी जा आणि आधी पोटभर जेव. आठ दिवस तू धड जेवली नाहीस, ते तुझ्या दुधातून इथे आम्हाला कळतंय.